दहाव्या वेळचं माप

तिसऱ्या मजल्याचं बटण दादाने फूटपट्टीने दाबलं. घडलं ते एवढंच. व्हीलचेअरच्या उजव्या हाताला त्याने स्वतः शिवलेली एक कापडी पिशवी असते, तिच्यातून त्याने लाकडी पट्टी काढली, एक टोक चिमटीत धरलं, दुसरं बटणावर टेकवलं, बटण पेटलं, पट्टी परत पिशवीत गेली. हे इतक्या सराईतपणे झालं की पाहणाऱ्याला वाटावं, लिफ्टची बटणं अशीच दाबायची असतात. मी दोन पावलं मागे होते, आणि मी मागे आहे हे त्याला माहीत नव्हतं. मागे पडले कारण खाली दारापाशी भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र वाचत उभी राहिले होते. ही इमारत अपंगांना विनाअडथळा वापरता येईल अशी आहे, असं आमच्याच खात्याने दिलेलं प्रमाणपत्र, खाली आमच्याच खात्याचा गोल शिक्का. नव्या इमारतीत शिरले की माझं असंच होतं. उताराचा चढ पायाला कसा लागतो ते बघते, कठड्यावरून हात फिरवते, दाराची रुंदी डोळ्यांनी मोजते, आणि सगळं आमच्या पुस्तकाबरहुकूम निघालं की घरचं कार्य पार पडल्यासारखी खूश होते. वहिनी म्हणते, बाकीच्या बायका दुकानात शिरल्यावर कपडे बघतात, ही उंबरठा बघते. तर अशी खुशीत मी लिफ्टमध्ये पाय ठेवला, आणि ती पट्टी पाहिली.

पट्टी मी आज पहिल्यांदा पाहिली असं मुळीच नाही. गेली कित्येक वर्षं ती त्या पिशवीतून डोकं वर काढून असते. दादा शिंपी, त्यातही कटर. शिंप्याजवळ फूटपट्टी असायचीच, असं मी धरून चालले होते. पण आज ती पिशवीत परत जाताना मला तिचं टोक दिसलं. टोकाला खोडरबराचा तुकडा चिकटवलेला होता, वर दोरा घट्ट गुंडाळलेला, आणि रबर झिजून बोटाच्या टोकासारखं गोल झालेलं. कापडावर रेघ मारायच्या पट्टीला रबर कशाला लागेल? लिफ्ट वर निघाली. मी बटणांच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्यात वरचं बटण जमिनीपासून चौदाशे मिलिमीटर. मोजायची गरजच नव्हती. तो आकडा मी झोपेत सांगेन. तो आकडा माझाच आहे.

मी काय करते ते सांगून टाकते, नाहीतर एका पट्टीपायी हिने एवढा गहजब का केला, ते कळायचं नाही. सार्वजनिक इमारती कशा बांधाव्यात याची प्रमाणं ठरवणाऱ्या खात्यात मी आहे. आमचं एक जाड पुस्तक आहे. दवाखाना, शाळा, कचेरी, बँक, काहीही बांधायचं तर उतार किती तिरपा, दार किती रुंद, संडासात खुर्ची वळवायला जागा किती, आधाराचा दांडा किती उंचीवर, हे त्यातून बघायचं. मी लागले तेव्हापासून त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. पुढच्या दोन्ही वेळा नावातला अपंगांसाठीचा शब्द बदलला, त्यावर तावातावाने चर्चा झाल्या. आतले बरेच आकडे मात्र होते तिथेच बसून राहिले. यंदा चौथी आवृत्ती, आणि यंदा आम्ही खरंच घाम गाळला होता. उतार सौम्य केले, दारं रुंद केली, दोन वर्षं भांडून भांडून. आज दुपारी तीन वाजता शेवटची बैठक होती. आज मसुद्यावर सह्या, उद्या तो छपाईला, आणि मग दहा वर्षं त्याला कोणी हात लावणार नाही. दादाचे डोळे तपासायचे होते, वहिनीला ताप होता, म्हणून सकाळची रजा टाकून मी त्याला घेऊन आले होते. वहिनीला ताप नसता तर? हा विचार मी त्या दिवसात निदान वीस वेळा केला.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाईने दादाच्या डोळ्यांत थेंब घातले आणि पाऊण तास डोळे मिटून बसायला सांगितलं. तो भिंतीशी गाडी लावून बसला. आमच्या घरात व्हीलचेअरला गाडी म्हणतात. मी शेजारच्या बाकावर बसले, आणि त्याचे डोळे मिटलेले असल्यामुळे मला त्याच्या हातांकडे पोटभर बघता आलं. कात्रीने अंगठ्याला पडलेला घट्टा. लांब, नीटस बोटं. हाच हात, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा, भिंतीला लागून वर गेलेला. तेव्हा मला नोकरी लागून चार महिने झाले होते. पुस्तकाची पहिलीच आवृत्ती निघायची होती आणि सातव्या तक्त्यात एक चौकट रिकामी होती: बसलेल्या व्यक्तीचा हात जास्तीत जास्त किती उंच पोचतो. बटणं, कड्या, खिडक्यांच्या खिट्ट्या, सगळं त्या एका आकड्यावर लटकणार होतं. आमचे तेव्हाचे साहेब रिकाम्या चौकटीला फार भ्यायचे. तक्त्यात भोक राहिलं तर सगळं पुस्तक त्यातून गळून जाईल, असं म्हणायचे. कुठूनच मापं मिळेनात, छापखाना घाई करत होता. आणि मी, चोवीस वर्षांची शहाणी, ताठ मानेने म्हणाले, साहेब, माझ्या घरी व्हीलचेअर आहे. काय तो अभिमान! जन्मभर ज्या खुर्चीपायी लोकांनी आमच्याकडे कीव करत पाहिलं, ती एकदम सरकारी उपयोगाची झाली होती. कचेरीतली स्टीलची टेप पर्समध्ये घालून मी घरी अक्षरशः धावत गेले. आई स्वयंपाकघरात होती, तिथलीच भिंत रिकामी होती. दादाला भिंतीशी आणलं, म्हटलं, हात वर कर. त्याने केला. मी पेन्सिलने खूण करणार तोच म्हणाले, अजून थोडा जाईल की. तो अजून वर गेला. अजून, दादा. आई मागून म्हणाली, अरे, जातोय की, ताण अजून. तो लाल झाला होता, हसत होता, आम्ही तिघंही हसत होतो, आणि मी त्याच्या मधल्या बोटाच्या टोकाशी रेघ ओढली. तेराशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, चौदाशे करा, गोल आकड्यावर लोकांचा विश्वास बसतो. मी चौदाशे केलं. चौकट भरली. साहेबांनी सगळ्यांना पेढा नाही पण चहा पाजला. त्यानंतरच्या दोन आवृत्त्यांत त्या आकड्याशेजारी संदर्भ म्हणून लिहिलं गेलं, मागील आवृत्तीप्रमाणे. यंदाच्या मसुद्यात सातव्या तक्त्याखाली दोन शब्द आहेत: बदल नाही. ते टाइपही मीच केले.

"दादा," मी म्हणाले, "ती पट्टी कशाला ठेवतोस रे?"

"कुठली?" डोळे मिटलेलेच.

"पिशवीतली. रबर लावलेली."

त्याने पिशवीचं तोंड मुठीत धरलं. दादाचे हात असे कामाला लागले की समजावं, खरं बोलावं की नाही याचा हिशेब चाललाय. मग म्हणाला, "कापडावर सरकू नये म्हणून लावलंय."

"मी मघाशी लिफ्टमध्ये तुझ्या मागे होते."

"अच्छा." त्याने मान भिंतीला टेकवली. "मला वाटलं तू खाली तुझं ते सर्टिफिकेट वाचत असशील."

आता दुसरी कोणी असती तर तिला रडू आलं असतं. मलाही ते कुठेतरी आत आलं होतं, नाही असं नाही. पण त्याच्या आधी मला जे झालं ते सांगायलाही लाज वाटते: मला आनंद झाला. हिशेब जुळत नसलेल्या वहीत अठ्ठावीस वर्षांनी चूक सापडावी तसा. कारण तक्रारी येत होत्या ना! बटणापर्यंत हात जात नाही, कडी उंच आहे, अशी पत्रं येत होती, आणि आम्ही त्यावर वापरणाऱ्याच्या सवयीचा प्रश्न असा शेरा मारून ती फायलीत घालत होतो. मीच म्हणत होते, पोचतो की हात, मी स्वतः मोजलाय. माझा दादा पोचतो. आणि इथे माझा दादा खोडरबर लावलेली काठी घेऊन शहरभर हिंडतोय! मी बाकाच्या कडेला आले. 

"त्या दिवशी तू कसा पोचलास मग?"

"कुठल्या दिवशी?" पण त्याला कळलं होतं. ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. "डाव्या हाताने गाडीचा दांडा दाबला आणि एका अंगाने वर उचललो. तू भिंतीकडे बघत होतीस. खांदा नंतर चार दिवस धरला होता. आईने शेकला. तुला नाही सांगितलं."

"का पण?"

"का म्हणजे? मिमी, तू काय नाचत आली होतीस त्या दिवशी." मिलिमीटरमध्ये बोलते म्हणून त्याने मला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच हे नाव ठेवलं होतं. "तोवर घरात सगळे मला द्यायचेच. पाणी दे, हात दे, उचलून दे. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडून काही मागत होतं. ते पण तू. मग कमी पडू का मी?" त्याने डोळे न उघडता हात पसरून माझा गुडघा चाचपला आणि थोपटला. "आणि मला काय माहीत, तू ते सगळ्या गावाला लावशील. मला वाटलं नुसतं लिहून घेतेयस."

मग तो शिंप्यासारखं बोलायला लागला, आणि मी ऐकतच राहिले. म्हणाला, माप द्यायला आलेला माणूस कधीच खरा नसतो. टेप कमरेला लागली की पोट आत जातं, छाती पुढे येते. पुरुष जास्त, बायका जरा कमी. त्या मापाचा कपडा शिवला तर घरी जाऊन जेवायला बसल्यावर बटण तुटतं. "म्हणून मी एकदा माप घेतो ते लिहीतच नाही. त्याला बोलण्यात घालतो. मुलगी काय करते, गुडघा कसा आहे. पुन्हा घेतो. पुन्हा घेतो. माणूस कंटाळतो, पोट सुटतं, तेव्हाचं खरं. मग त्यावर वर दोन बोटं लूज सोडायचं. तू तर एकदाच घेतलंस, आणि ते पण श्वास रोखलेलं."

"आणि लूज सोडायच्या ऐवजी वीस मिलिमीटर वर चढवलं," मी म्हणाले.

"त्याला आमच्यात कापड बिघडवणं म्हणतात," दादा म्हणाला.

मी उठले. मला बसवेना. त्या पाऊण तासात मी दवाखान्याच्या बोळातून किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. थेंब घालणाऱ्या बाईने दोनदा विचारलं, तुमचाही नंबर आहे का. वाजले होते अकरा. तीन वाजता सह्या. माझ्या सहीशिवाय मसुदा जात नाही, मीच समितीची सचिव. काही न बोलता सही केली तर पुढची दहा वर्षं जी काही इमारत उभी राहील तिथे बटणं चौदाशेवर, आणि पुढच्या आवृत्तीला दादा अडुसष्ट वर्षांचा, खांदा अजून खाली. बोलले, तर आणखी भीती. समितीत लिफ्ट बनवणाऱ्यांचा एक प्रतिनिधी आहे, आम्ही आपापसात त्याला लिफ्टवाला म्हणतो. तो रुंद दारांवर दोन वर्षं अडून बसला होता. सातव्या तक्त्यातला आकडा घरच्या भिंतीवरून आला हे त्याला कळलं की तो म्हणणार, मग बाकीचे तरी कुठून आले? सगळाच मसुदा मागे घ्या. उतार जातील, दारं जातील. एक भोक बुजवायला गेले आणि सगळी भिंतच अंगावर आली, असं होणार. मी बोळाच्या टोकाला जायची तेव्हा वाटायचं बोलायचंच. परत दादाजवळ येईपर्यंत वाटायचं, नको. आणि मध्येच, काही कारण नसताना, हसू यायचं. चूक सापडली होती! सापडलेली चूक किती हलकी असते हे ज्याने कधी चूक शोधली नाही त्याला नाही कळायचं.

"दादा, तुझी टेप आहे?"

शिंपी टेपशिवाय घराबाहेर पडत नाही. बोळाच्या भिंतीवर विजेच्या बटणांचा एक बोर्ड होता, त्याच्याशेजारी मी त्याला नेला. त्याच्या हातात त्याचीच तपासणीच्या कागदांची जाड फाइल दिली आणि म्हटलं, ही भिंतीला टेकव, जिथे सहज जाईल तिथे. पहिल्या वेळी तो पुन्हा वर गेला, खोडी जन्माची. मी लिहिलं नाही. बोलत राहिले. वहिनीच्या तापाचं, त्याच्या मशीनचं. त्याच्या शिलाई मशीनचा पेडल टेबलावर कोपराखाली बसवलेला आहे, तो हल्ली सरकतो, त्याचं. तो वैतागून सांगत होता आणि फाइल टेकवत होता. पाच, सहा. आठव्या वेळी म्हणाला, "किती वेळा गं?" दहाव्या वेळी हात स्वतःच्या मनाने वर गेला, खांदा न हलवता, आणि फाइल भिंतीला लागली. मी त्याच्या बोटांपर्यंत टेप लावली. अकराशे तीस. चौदाशे आणि अकराशे तीस यांच्यामध्ये दोनशे सत्तर मिलिमीटर होते. माझ्या एका वितीपेक्षा बरंच जास्त. पट्टी बारा इंचांची, म्हणजे तीनशेपाच. बरोब्बर पुरत होती. तिने वर थोडं लूजसुद्धा सोडलं होतं.

"माझ्याबरोबर कचेरीत चल," मी म्हणाले.

"अजिबात नाही. तिथे काय सांगणार, याचा हात पोचत नाही म्हणून?"

"हो."

"इतकी वर्षं कोणाला कळू दिलं नाही मी, मिमी." हे तो चिडून नाही, अगदी साधं बोलला, आणि ते मला जास्त लागलं. माझ्याबरोबर असला की तो मला कायम बोलण्यात गुंतवायचा आणि बटण मी दाबायची. मला कधी लक्षातच आलं नाही की ते गुंतवणंही शिंप्याचं होतं. मी खाली बसले, त्याच्या गाडीच्या चाकाशी, दवाखान्याच्या थंडगार फरशीवर. तेवढ्यात तोच म्हणाला, जरा ओशाळून, "तसं बघितलं तर मी एकटा नाही. सात जणांना पिशव्या शिवून दिल्यात. पट्टीसकट. एकाचा हात अजून आखूड आहे, त्याला दीड फुटाची दिली."

मी हसायला लागले. आवरेचना. सात जण! खात्याने चौदाशेचं पुस्तक छापायचं आणि माझ्या भावाने दुकानात मागच्या मागे त्याची दुरुस्ती विकायची!

"विकत नाही, फुकट दिल्या," तो म्हणाला. मग त्यालाही हसू फुटलं, आणि हसता हसताच तो गंभीर झाला. "सात हे मला माहीत असलेले," म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "किती वाजता आहे तुझी मीटिंग?"

डोळ्यांची तपासणी आटपली. थेंबांमुळे त्याला दुपारभर धड दिसणार नव्हतं, काळा चष्मा लावून तो टॅक्सीत ऐटीत बसला. वाटेत मी फोनवरच मसुदा उघडला आणि प्रत्येक तक्त्याचा संदर्भ तपासत सुटले. उतार: चार इमारतींत चाचणी. दारं: एकशेवीस खुर्च्यांची मापं. संडास: दोन शाळा, एक रुग्णालय. एकेक संदर्भ भक्कम निघत गेला तसा माझा श्वास मोकळा होत गेला. भोक एकच होतं, ते माझं होतं. इतका आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, चहाचे कप, प्रत्येकापुढे मसुद्याची प्रत आणि सहीसाठी झाकण काढून ठेवलेलं पेन. आमचे अध्यक्ष वयाने मोठे, कमी बोलणारे. जन्मभर पूल बांधले, आता निवृत्तीनंतर आमच्या गळ्यात पडलेत, असं ते स्वतःच म्हणतात. दादाला पाहून त्यांनी प्रश्नार्थक भुवया उचलल्या. मी उभी राहिले. तयारी केलेलं सगळं विसरले. म्हणाले, सातव्या तक्त्यातला आकडा चूक आहे, तो मी घरी एकाच माणसावर एकदाच मोजलाय, आणि तो माणूस हा इथे बसलाय, माझा मोठा भाऊ. आणि त्याने त्या दिवशी अंग उचललं होतं. आज तोच हात अकराशे तीसला पोचला. माझ्या आत कोणीतरी टाळ्या पिटत होतं.

लिफ्टवाल्याने अपेक्षेप्रमाणे कान टवकारले. "म्हणजे मॅडम, अठ्ठावीस वर्षं आम्ही तुमच्या भावाच्या मापाच्या लिफ्ट बनवतोय? मग बाकीचे आकडे कुठून आणलेत? काकांच्या घरून?"

दोघं हसले. मी टॅक्सीत तपासलेली संदर्भांची यादी वाचली. तक्ता पहिला, संदर्भ. तक्ता दुसरा, संदर्भ. आवाज आधी कापत होता, चौथ्या तक्त्यापासून स्थिर झाला. सगळे वाचून झाल्यावर म्हणाले, एकच चौकट खोटी आहे आणि ती कोणी भरली तेही सांगून झालं. लिफ्टवाला म्हणाला, "मग आता कुठला आकडा घालता? आत्ता, तीन वाजता? आजचा मोजलेला? म्हणजे परत भाऊच!"

"माझा घालू नका," दादा म्हणाला. डोळ्यांना दिसत नसलेला माणूस जसा थोडा वरच्या दिशेने बोलतो तसा तो बोलला, कोणाकडेच न बघता, त्यामुळे की काय, न बिचकता. "एकाच्या मापाने सगळ्यांचे कपडे कापले, तिथंच तर वाट लागली. शंभर लोक बोलवा. पण बोलावून उभं... बसवून, हात वर करा म्हणू नका. सगळे ताणतील. साहेब लोक बघतायत म्हटल्यावर तर अजून ताणतील. हातात काहीतरी काम द्या. दहा वेळा करायला लावा. दहाव्या वेळचं लिहा." त्याने पिशवीतली पट्टी काढून टेबलावर ठेवली. "आणि तो आकडा मिळेपर्यंत, हे असं आहे."

पट्टी टेबलावरून हातोहात फिरली. प्रत्येकजण रबराच्या टोकाला बोट लावून बघत होता, अगदी लिफ्टवालासुद्धा. त्याने तर ती जास्त वेळ धरली, उलटी केली, झिजलेल्या गोलाईवरून अंगठा फिरवला. यंत्राचा माणूस, झीज वाचता येत असणार.

अध्यक्ष म्हणाले, "तक्त्यात रिकामी चौकट सोडून पुस्तक छापायचं, हे मी आयुष्यात केलेलं नाही."

"मी भरलेली चौकट छापलीय, सर," मी म्हणाले. "रिकामी बरी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. मग म्हणाले, द्या इकडे ती पट्टी. तिची कड मसुद्यावर ठेवून त्यांनी सातव्या तक्त्यातल्या चौदाशेवर आडवी रेघ मारली, सरळ, ठाम, पुलाचा नकाशा काढावा तशी. शेजारी लिहिलं, आकडा सहा महिन्यांत मोजून भरावा. तोवर कोणतंही बटण अकराशेच्या वर नको. खाली सही केली आणि पेन लिफ्टवाल्यापुढे सरकवलं. त्याने पेन उचललं. "दहाव्या वेळचं, हे मसुद्यात लिहून घ्या," म्हणाला, "नाहीतर आमची पोरं पहिल्याच वेळचं घेतील." आणि सही केली. मी सगळ्यांच्या शेवटी केली. रिकामी चौकट तशीच होती, कोरी, माझ्या नखाएवढी, आणि मला ती इतकी सुंदर दिसत होती की मी प्रत बंद करून परत उघडून पाहिली.

बाहेर आलो तेव्हा मी वाऱ्यावर चालत होते. काय काय बोलत होते मला आठवत नाही. त्या सात जणांना पहिल्यांदा बोलवू, तू मापं घ्यायला ये, मानधन मिळेल, वहिनीला फोन लावते. दादा काळ्या चष्म्याआडून हसत होता. आमच्या कचेरीची लिफ्ट जुनी, पहिल्या आवृत्तीच्या काळातली, बटणं चौदाशेवर. आम्ही आत शिरलो, दार लागता लागता लिफ्टवालाही ते अडवून आत आला. दादाचा हात सवयीने पिशवीत गेला. पिशवी रिकामी होती. पट्टी वर टेबलावरच राहिली होती, अध्यक्षांच्या प्रतीवर. मी बघत होते. माझा हात उचललाही गेला होता बटणाकडे, आणि मी तो तसाच धरून ठेवला. का ते सांगता येणार नाही. तो मला काही गोष्ट सांगायला लागेल, गुंतवेल, असं वाटलं. त्याने हात पिशवीतून काढला, मांडीवर ठेवला. लिफ्टवाला तिथेच होता, त्याच्या गाडीच्या चाकाला पाय लागेल इतका जवळ.

"मिमी," दादा चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "खालचा मजला दाब. माझा हात पोचत नाही."

मी दाबलं.